भिंगाकडे पाहण्याचा अधिकार

१८ नोव्हेंबर १९५१ च्या रविवारी अमेरिकेतील सीबीएस या प्रक्षेपण संस्थेने ‘सी इट नाऊ’ हा चालू घडामोडींचा नवा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आणला. त्याचे सूत्रधार एडवर्ड मरो यांचा आवाज अमेरिकेत घरोघरी ओळखीचा होता. महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना तेथून नभोवाणीवर दिलेल्या वृत्तांतांनी त्यांचे नाव झाले होते. आता तो आवाज चेहऱ्यासह दिसणार होता, तेव्हा त्याला बसवायचे कोठे, असा प्रश्न निर्माते फ्रेड फ्रेंडली आणि दिग्दर्शक डॉन ह्युइट यांच्यापुढे आला. पुस्तकांचे कपाट, पृथ्वीचा गोल, भिंतीवर नकाशा, असे काही उभारता आले असते. त्याऐवजी त्यांनी मरो यांना न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या इमारतीतील एकेचाळीस क्रमांकाच्या स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातच बसवले. चित्रे दाखवणारे लहान पडदे, तारा, बटणे आणि कानांना श्रवणयंत्रे लावलेले तंत्रज्ञ हेच त्यांचे नेपथ्य झाले. प्रेक्षकांपासून जे लपवायचे तेच उघड करून दाखवले गेले. त्या दिवशी दोन पडद्यांवर एकाच वेळी न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल आणि सान फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल थेट दिसले. देशाच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी प्रक्षेपणाची वाट त्याच वर्षी खुली झाली होती. माणूस दिवाणखान्यात बसल्या बसल्या दोन महासागर पाहू शकतो, ही गोष्ट त्या काळी चमत्काराहून कमी नव्हती.

या मांडणीत चमत्काराइतकाच प्रामाणिकपणाही होता. तुम्हाला जे दिसणार आहे ते कोणी तरी निवडलेले आहे, ते निवडण्याची जागा ही आहे आणि निवडणारी माणसे ही आहेत, असे ती मांडणी न बोलता सांगत होती. पुढे जगभर ज्या शेकडो मांडण्या झाल्या त्यांतील फारच थोड्यांना हे सांगण्याची इच्छा झाली.

दूरचित्रवाणीवरील चालू घडामोडींच्या कार्यक्रमांची चर्चा होते ती बहुधा कोण काय बोलले याची. बोलणाऱ्याची खुर्ची किती उंच होती, उजेड त्याच्या कोणत्या गालावर पडला होता, तो कोणाकडे पाहत होता, हे प्रश्न नेपथ्यकाराचे आणि कॅमेरा चालवणाऱ्याचे म्हणून सोडून दिले जातात. मराठी प्रेक्षकाने तरी असे करू नये. रंगवलेल्या पडद्यावरचा राजवाडा जाऊन त्या जागी खऱ्या दारा-खिडक्यांचा दिवाणखाना आला की नाटकाची भाषाच बदलते, हे त्याने १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून पाहिलेले आहे. शिवाय त्याच्या रंगभूमीवर आणखी एक जुना संकेत आहे. आरंभी येणारा सूत्रधार प्रेक्षकांशी थेट बोलतो. नाटकातील पात्रे मात्र एकमेकांशी बोलतात. दूरचित्रवाणीच्या निवेदकाला मराठीत ‘सूत्रसंचालक’ हे नाव पडले ते कोणी विचारपूर्वक ठेवले असेल वा नसेल, पण ते नेमके आहे. त्याचा खरा अधिकार प्रश्न विचारण्याचा नाही. तो भिंगाकडे पाहण्याचा आहे.

नेहमीच्या मुलाखतीची रचना पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. स्टुडिओत सामान्यतः तीन कॅमेरे असतात. एक सूत्रसंचालकाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. उरलेले दोन एकमेकांना छेद देऊन पाहुण्याचा आणि विचारणाऱ्याचा चेहरा टिपतात. पाहुण्याला आधीच बजावलेले असते की, कॅमेऱ्याकडे पाहू नका, विचारणाऱ्याकडे पाहा. परिणामी सूत्रसंचालक प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहून बोलतो, तर पाहुण्याचा चेहरा किंचित वळलेला, तिरपा दिसतो. सूत्रसंचालक हा प्रेक्षकाशी बोलणारा माणूस होतो आणि पाहुणा हा प्रेक्षकाने दुरून न्याहाळायचा माणूस होतो. या नियमाला मुख्य अपवाद एकच, राष्ट्राला उद्देशून भाषण करणारा राष्ट्रपती किंवा पंतप्रधान. म्हणजे देशाच्या सर्वोच्च पदाला जो मान, तोच रोज संध्याकाळी एका पगारदार निवेदकाला मिळतो.

त्यात टेलिप्रॉम्प्टरची भर पडली. भिंगापुढे तिरकी बसवलेली एक काच असते. खालच्या पडद्यावरची सरकणारी अक्षरे तीत वाचणाऱ्याला दिसतात, आणि तीच काच मागच्या कॅमेऱ्याला मात्र आरपार दिसू देते. पूर्वी वृत्तनिवेदक कागदाकडे पाहून वाचत असे, मधूनच मान वर करीत असे. तो वाचतो आहे हे सर्वांना दिसत असे. काच आल्यावर तेच वाचन अंतःकरणातून आल्यासारखे वाटू लागले. मान खाली घालण्याबरोबर एक लहानशी कबुलीही गेली.

चेहऱ्याचे भय

या अधिकाराचे सामर्थ्य सर्वांत आधी कोणाला उमगले असेल तर ते बीबीसीला, आणि तेही भीतीच्या रूपाने. जुलै १९५४ मध्ये बीबीसीने दूरचित्रवाणीवर रोजच्या बातम्या सुरू केल्या, तेव्हा निवेदकाचा चेहरा दाखवलाच नाही. पडद्यावर नकाशे, स्थिरचित्रे आणि चित्रफिती. बातमी सांगणारा केवळ आवाज. भुवई उंचावली, ओठ किंचित मुडपला, तरी बातमीला मताचा रंग चढेल, असे तेथील धुरिणांचे म्हणणे होते. हे म्हणणे आज हास्यास्पद वाटते. तरीही भुवईच्या हालचालीवरच ज्यांचा तासभराचा कार्यक्रम उभा असतो असे निवेदक पाहिल्यावर त्या म्हाताऱ्या संस्थेच्या सावधगिरीला अगदीच वेडगळ म्हणवत नाही.

ही सावधगिरी फार दिवस टिकली नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये आयटीएन ही प्रतिस्पर्धी वृत्तसंस्था पडद्यावर येणार होती आणि तिचे निवेदक चेहऱ्यानिशी, नावानिशी बातम्या सांगणार होते. त्यांत पुढे मुलाखतकार म्हणून गाजलेले रॉबिन डे होते. बीबीसीने त्याच महिन्यात आपल्या निवेदकांचे चेहरे दाखवून टाकले. तत्त्वाचा प्रश्न स्पर्धेने सोडवावा हे दूरचित्रवाणीच्या इतिहासात वारंवार घडले आहे, आणि ते फक्त इंग्लंडात घडले असेही नाही.

शिकागोचा करडा पडदा

२६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोतील एका स्टुडिओत जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांचा पहिला वादविवाद झाला. दिग्दर्शक होते तेच डॉन ह्युइट. या प्रसंगाची कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला दंतकथेची कळा आली आहे, तरी तिचे तपशील पाहण्यासारखे आहेत. निक्सन गुडघ्याच्या दुखण्याने नुकतेच रुग्णालयात राहून आले होते आणि त्यांचे वजन घटले होते. त्यांनी फिकट करडा पोशाख घातला होता. मागचा पडदाही करडा होता. निक्सन यांच्या माणसांना तो फार फिकट वाटल्याने पुन्हा रंगवण्यात आला, पण रंग वाळला की तो फिकटच दिसे. काळ्या-पांढऱ्या चित्रात निक्सन मागच्या पडद्यात विरघळले. गडद पोशाखातले केनेडी त्याच पडद्यावर कोरल्यासारखे उठून दिसले. त्या काळच्या कॅमेऱ्यांतील ‘इमेज ऑर्थिकॉन’ नळी इतकी तीक्ष्ण होती की दाढी केलेल्या गालावरचे खुंटही ती सावलीसारखे दाखवी. केनेडींनी स्टुडिओचा रंगभूषाकार नाकारला म्हणून निक्सन यांनीही नाकारला, आणि गालांवर बाजारात मिळणारी दाढी झाकण्याची पावडर तेवढी लावली. दिव्यांच्या उष्णतेने घाम आला. घाम पुसणारे निक्सन कॅमेऱ्याने टिपले.

ज्यांनी नभोवाणीवर ऐकले त्यांना निक्सन जिंकले असे वाटले, ज्यांनी पाहिले त्यांना केनेडी, हे विधान पाठ्यपुस्तकांतही शिरले आहे. त्याचा आधार असलेली पाहणी लहान आणि विस्कळीत होती, आणि अभ्यासकांनी तिच्यावर गंभीर शंका घेतल्या आहेत. तेव्हा करड्या रंगाने राष्ट्राध्यक्ष ठरवला, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. ती निवडणूक सुमारे पावणेसात कोटी मतांमध्ये सव्वा लाखाहून कमी मतांच्या फरकाने लागली. एवढ्या बारीक फरकाचे श्रेय कोणत्याही एका गोष्टीला देता येते आणि म्हणूनच ते कोणालाच देऊ नये. राजकारणी मंडळींनी मात्र दंतकथेवर विश्वास ठेवला. पुढे सोळा वर्षे अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचा एकही दूरचित्रवाणी वादविवाद झाला नाही.

त्या रात्री आणखी एक गोष्ट ठरली, आणि ती पोशाखाच्या रंगाहून महत्त्वाची होती. एक उमेदवार बोलत असताना ऐकणाऱ्या दुसऱ्याचा चेहरा दाखवावा काय? ह्युइट यांनी तो दाखवला. याला चित्रतंत्रात ‘प्रतिक्रियेचे दृश्य’ म्हणतात. संकलकाला ते मीठासारखे हवे असते, कारण एकच चेहरा फार वेळ पाहिला की डोळा कंटाळतो. परंतु चर्चेत या दृश्याचा अर्थ निराळा होतो. बोलणाऱ्याच्या वाक्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचा शेरा बसतो. तो शेरा केव्हा मारायचा हे नियंत्रण कक्षातील एक माणूस, सेकंदाच्या अंशात, बोटाच्या दाबाने ठरवतो. हसू केव्हाचे आणि वाक्य केव्हाचे, हे घरी बसलेल्या प्रेक्षकाला तपासता येत नाही.

पॅरिसच्या एकवीस अटी

ही गोष्ट ज्याने सर्वांत नीट ओळखली तो राजकारणी फ्रान्समध्ये निपजला. १९७४ च्या वादविवादात फ्रांस्वा मित्तराँ हे जिस्कार देस्ताँ यांच्यापुढे फिके पडले होते. १९८१ मध्ये पुन्हा तोच सामना ठरला तेव्हा मित्तराँ यांनी स्टुडिओच्या मांडणीबाबत एकवीस अटी पुढे केल्या. त्यांच्या वतीने बोलणी करायला एक दिग्दर्शक होते, सर्ज मोआती, आणि एक वकील, रोबेर बादँतेर. फाशीची शिक्षा रद्द करण्याचा कायदा फ्रान्समध्ये त्याच वर्षी ज्यांनी न्यायमंत्री म्हणून संमत करून घेतला, तेच हे बादँतेर. अटींतली कळीची अट साधी होती. जो बोलत असेल त्याचाच चेहरा दिसावा. ऐकणाऱ्याचा चेहरा मध्येच दाखवू नये. ५ मे १९८१ रोजी वादविवाद झाला आणि पाच दिवसांनी मित्तराँ निवडून आले. अटींमुळेच निवडून आले असे येथेही म्हणू नये. एका मुरब्बी वकिलाला मात्र कॅमेऱ्याच्या कोनाची वाटाघाट ही पुराव्याच्या नियमांची वाटाघाट वाटली, हे लक्षणीय आहे.

पुढे १९९६ मध्ये समाजशास्त्रज्ञ पियेर बोर्दिए यांनी दूरचित्रवाणीवरच दूरचित्रवाणीविषयी दोन व्याख्याने दिली, तीही आपल्या अटींवर. वेळेची मर्यादा नको, विषय आपला, मध्ये थांबवणारा कोणी नको, आणि चित्रणात कोनांचे व चौकटींचे खेळ नकोत. स्टुडिओतील चर्चा वरकरणी समान वाटली तरी कोणाला कोठे बसवले, कोणाला किती वेळ दिला, कोणाला कोणत्या स्वरात हाक मारली यांतून तिचा निकाल आधीच लागलेला असतो, असे त्यांचे विवेचन होते. व्याख्याने पाहायला कंटाळवाणी झाली असतील, तर त्या कंटाळ्याची किंमत देऊन त्यांनी काही तरी मिळवले होते.

याच संदर्भात मरो यांच्याकडे पुन्हा वळावे लागते, कारण त्यांचे पुण्यही निर्भेळ नव्हते. ९ मार्च १९५४ रोजी ‘सी इट नाऊ’ने सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावर कार्यक्रम केला. ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवून आयुष्यातून उठवणाऱ्या या माणसाविरुद्ध बोलण्याचे धैर्य तेव्हा फार थोड्यांत होते. कार्यक्रमाची जाहिरात करायला कंपनी तयार नव्हती, म्हणून मरो आणि फ्रेंडली यांनी वृत्तपत्रातील जाहिरातीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. कार्यक्रमात बहुतेक मॅकार्थी यांच्याच चित्रफिती होत्या आणि शेवटी मरो भिंगाकडे पाहून प्रेक्षकांशी बोलले. मॅकार्थी यांना उत्तरासाठी वेळ देण्यात आला आणि ६ एप्रिलला त्यांचे उत्तर दाखवलेही गेले. ओबडधोबड रंगभूषेतल्या, चिडक्या त्या उत्तराने त्यांचेच नुकसान झाले. मॅकार्थी यांचे चाहते मुळीच नसलेले समीक्षक गिल्बर्ट सेल्डिस यांनी तेव्हाच विचारले होते की, हे माध्यम ज्याच्या हाडीमासी मुरले आहे त्याने नवख्याला तेवढीच मिनिटे दिली, तर ती बरोबरी होते काय? मरो यांच्या बाजूने सत्य होते म्हणून हा प्रश्न अप्रिय वाटतो. पण स्टुडिओची शक्ती सत्याच्या बाजूने वापरली गेली, म्हणजे ती सत्याचीच शक्ती आहे असे ठरत नाही. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या कोणाच्याही हाती पडू शकते.

वरळीचा साधेपणा

आपल्याकडे दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून बोलू लागले. त्या केंद्रावरच्या बातम्या ज्यांनी पाहिल्या त्यांना ती मांडणी आठवत असेल. मागे एकरंगी पडदा, पुढे टेबल, टेबलावर कागद आणि कागद वाचणारा एक शांत चेहरा. प्रदीप भिडे यांच्यासारख्या निवेदकांचा आवाज अनेक वर्षे मराठी घरांतील संध्याकाळचा भाग होता. स्मिता पाटील अभिनेत्री म्हणून गाजण्यापूर्वी याच केंद्रावर बातम्या वाचीत, आणि घाईच्या वेळी जीन्सवरच साडी गुंडाळून बसत, असे सांगितले जाते. भिंगाची चौकट टेबलापाशी संपते, त्यामुळे त्याखाली काय आहे हा प्रश्न महाराष्ट्राला कधी पडला नाही.

त्या साधेपणाचे आज पुष्कळ कौतुक होते. ते थोडे आवरलेले बरे. बीबीसीला चेहऱ्यावर भाव नको होता तो निःपक्षपातासाठी; दूरदर्शनला तो नको होता त्यात सरकारी फाइलीचा संयमही मिसळलेला होता. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. जगाला बातमी कळून गेल्यानंतर, संध्याकाळच्या बातम्यांत सलमा सुलतान यांनी ती दूरदर्शनवर सांगितली. निवेदिकेचा स्वर निर्दोष होता. दोष होता तो मधल्या तासांचा. मागचा पडदा कितीही निर्विकार असला तरी काय वाचायचे आणि केव्हा वाचायचे हे त्या पडद्यामागेच ठरत असे.

ही कोंडी फुटली ती आधी निवडणुकांच्या निकालांच्या रात्री. विनोद दुआ आणि प्रणय रॉय यांनी ऐंशीच्या दशकात आकडे मांडत, एकमेकांशी गप्पा मारत, इंग्रजी-हिंदीत अदलाबदल करत ज्या निकालसभा चालवल्या, त्यांनी प्रेक्षकाला एक नवी गोष्ट दाखवली. निवेदक विचार करतानाही दिसू शकतो, आणि तसे दिसणे हा अपराध नाही. १९८८ मध्ये रॉय यांचा ‘द वर्ल्ड धिस वीक’ आला. आणि १९९३ मध्ये, खाजगी वाहिन्यांच्या पहिल्या लाटेत, रजत शर्मा यांची ‘आप की अदालत’ आली.

‘आप की अदालत’ची मांडणी ही भारतीय दूरचित्रवाणीतील बहुधा सर्वांत यशस्वी नेपथ्यकल्पना होय. पाहुणा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, समोर आरोप ठेवणारा, वर न्यायाधीश, भोवती टाळ्या वाजवणारे लोक. हिंदी चित्रपटाने शिकवलेली कोर्टाची भाषा प्रेक्षकाला पाठच होती, तेव्हा काहीही समजावून सांगावे लागले नाही. विनोदाचा शिडकावा असल्याने पिंजरा कोणाला बोचलाही नाही; उलट पुढारी त्यात उभे राहायला उत्सुक असत, कारण निर्दोष सुटण्याची बहुधा खात्री असे. खेळ म्हणून तो रंगतदार होता. पण त्या खेळाने एक रूपक रुजवले. मुलाखत म्हणजे माहिती काढून घेणे नव्हे, तर निकाल लावणे. खऱ्या न्यायालयात आरोपीला वकील असतो, पुराव्याचा कायदा असतो, अपील असते. नेपथ्याच्या न्यायालयाने पिंजरा तेवढा उचलला.

खिडक्यांचे घर

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या वाढल्या. मराठीतही त्या २००७ पासून सुरू झाल्या. त्यांच्याबरोबर जी मांडणी आली ती स्टुडिओची राहिलेलीच नाही. ती पडद्याच्या काचेवरची मांडणी आहे. सहा, आठ, कधी त्याहूनही अधिक चौकोन, प्रत्येकात एक चेहरा, खाली सरकणाऱ्या ओळी, कोपऱ्यात ज्वाळा. बाहेरून पाहणाऱ्याला ही चर्चा वाटते. आतून ती कशी दिसते हे जाणून घेण्यासारखे आहे. पाहुणा बहुधा दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या शहरात, एका लहान खोलीत एकटा बसलेला असतो. त्याच्यापुढे काळे भिंग असते. इतर पाहुणे त्याला बहुधा दिसत नाहीत. कानातल्या गुंडीतून ऐकू येतात, तेही क्षणभर उशिराने. त्या क्षणभराच्या उशिरामुळे सभ्यपणे मध्ये बोलणे अशक्य होते. समोरच्याचे वाक्य संपले असे वाटून बोलायला जावे तर तो पुढच्या वाक्यात शिरलेला असतो. म्हणून प्रत्येक जण आवाज चढवतो. लोक म्हणतात, माणसे बिघडली. माणसे बिघडलीही असतील, पण एकमेकांचे डोळे दिसत नसताना सौजन्याने बोलणे चांगल्या माणसालाही कठीण जाते. आपली पाळी केव्हा हे माणूस समोरच्याच्या डोळ्यांवरून, श्वासावरून ओळखतो. खिडक्यांच्या घरात डोळे सर्वांचे दिसतात ते फक्त प्रेक्षकाला.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. भिंगाकडे पाहण्याचा जो मान पूर्वी एकट्या सूत्रसंचालकाचा होता तो आता आठही जणांना मिळाला, आणि त्याच क्षणी त्याची किंमत गेली. खरी सत्ता चित्रातून ध्वनीत सरकली. प्रत्येक खिडकीचा आवाज नियंत्रण कक्षातील एका पट्टीवर असतो. ती पट्टी खाली ओढली की माणूस ओठ हलवताना दिसतो, पण ऐकू येत नाही. ज्याचे ओठ हलत आहेत आणि शब्द येत नाहीत त्याच्याइतका हास्यास्पद प्राणी पडद्यावर दुसरा नाही.

सप्टेंबर १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या नाट्यगृहात जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांच्या वादविवादात ध्वनियंत्रणा अचानक बंद पडली. चित्र चालू होते. ती दुरुस्त होईपर्यंत सत्तावीस मिनिटे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आणि त्याचा प्रतिस्पर्धी आपापल्या उंच मेजांमागे जवळजवळ निश्चल, मुकाट उभे राहिले. आपण हललो तर कॅमेऱ्यात कसे दिसू, या धास्तीने दोघांनीही बसायचे टाळले. तेव्हा तो अपघात होता.

नियंत्रण कक्षाविषयी आणखी एक किस्सा सांगण्याजोगा आहे. मे १९९७ मध्ये बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ कार्यक्रमात जेरेमी पॅक्समन यांनी माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न सुमारे डझनभर वेळा विचारला. निर्भीड पत्रकारितेचा आदर्श म्हणून ही मुलाखत आजही विद्यार्थ्यांना दाखवतात. पॅक्समन यांनी स्वतः पुढे सांगितले की, पुढची चित्रफीत तयार नव्हती, म्हणून वेळ काढणे भाग होते. यामुळे प्रश्नाची योग्यता कमी होत नाही. पण ज्याला बाणा म्हणून नावाजले त्यात कानातल्या गुंडीचाही वाटा होता. मरो ज्या खोलीत बसले होते ती खोली पडद्यावर दिसत असती तर हे त्याच रात्री कळले असते.

या सगळ्यामागे पैशाचे गणितही आहे. गडचिरोलीला किंवा मराठवाड्यातल्या दुष्काळी गावात बातमीदार, कॅमेरा आणि गाडी पाठवायला खर्च येतो, दोन दिवस जातात आणि हाती कदाचित चार मिनिटांचे चित्रण येते. आठ खिडक्यांचा तास त्या मानाने फुकट पडतो, कारण पाहुण्यांना पुष्कळदा प्रसिद्धीखेरीज काहीच द्यावे लागत नाही. म्हणून दुष्काळावरची चर्चा वातानुकूलित खोल्यांत होते. अधूनमधून शेतकरी दिसतो तो कसा? उघड्यावर, उन्हाने डोळे बारीक झालेले, बातमीदाराने तोंडापुढे धरलेल्या ध्वनिक्षेपकात बोलताना. तो बातमीदाराकडे पाहतो, भिंगाकडे नाही. त्याचे नाव खाली आले तर आले, नाही तर नुसते ‘शेतकरी’. त्याच विषयावर मंत्री बोलतात तेव्हा मागे झेंडा असतो, चेहऱ्यावर तीन दिव्यांचा मऊ उजेड असतो, आणि ते थेट प्रेक्षकाकडे पाहतात. संप करणाऱ्या शिक्षकाची आणि पेन्शनच्या रांगेतल्या कारकुनाची पडद्यावरची तऱ्हा याहून वेगळी नाही.

पीजचे प्रक्षेपण

हे असेच असले पाहिजे असा कोठलाही तांत्रिक नियम नाही, आणि याचा दाखला याच देशात आहे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. त्याच सुमारास गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक लहान प्रक्षेपक उभा राहिला आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातील मंडळींनी त्यावरून जिल्ह्यापुरते कार्यक्रम दाखवायला सुरुवात केली. खेडोपाडी पंचायतीच्या किंवा दूध सोसायटीच्या आवारात सार्वजनिक संच होते. त्या मंडळींनी हलके, उचलून नेता येणारे कॅमेरे घेऊन गावे गाठली. मजुरी, जातिभेद, सहकारी संस्थांचा कारभार, घरातील बायकांची स्थिती असे विषय होते, आणि त्यांवर बोलणारी, कधी लिहिणारी आणि अभिनय करणारी माणसे त्याच गावांतली होती. जे गावात तोंडावर बोलता येत नव्हते ते पडद्यावर बोलले जाऊ लागले, आणि ज्याच्याविषयी बोलले जात होते तोही त्याच चौकात बसून पाहत होता. चित्रे भरड होती, उजेड जसा मिळेल तसा होता. ग्रामीण संज्ञापनाच्या या कामाला १९८४ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

पुढच्याच वर्षी अहमदाबादला अधिक शक्तीचा प्रक्षेपक आला होता, म्हणून पीजचे प्रक्षेपण बंद करण्यात आले. जिल्ह्यातील लोकांनी विरोध केला. त्याचा उपयोग झाला नाही. मोठ्या प्रक्षेपकावरून त्यांच्या गावांत अहमदाबादचे आणि दिल्लीचे चित्र पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसू लागले.